आयरिश पुराणकथा आणि लोककथा : आकर्षणाचे स्वरूप व त्याचा हिशेब

प्रस्तावना

पुराणकथा आणि लोककथा हे कोणत्याही समाजाच्या सामूहिक स्मृतीचे मौलिक संचित असते. युरोपच्या पश्चिम टोकावरील आयर्लंड या बेटाने हे संचित दोन मार्गांनी जतन केले. एक मार्ग मध्ययुगीन मठांतील हस्तलिखितांचा, तर दुसरा विसाव्या शतकापर्यंत जिवंत राहिलेल्या मौखिक कथनाचा. लॅटिनेतर युरोपीय भाषांपैकी ज्या भाषांतील साहित्य लवकर लिपिबद्ध झाले, त्यांत आयरिश भाषेची गणना होते. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या कथा बहुधा विल्यम बटलर येट्स, लेडी ग्रेगरी किंवा जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या साहित्यकृतींतून, म्हणजे दुसऱ्या हातून भेटतात. या भेटीत त्यांचे जे आकर्षण जाणवते, त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः ‘अद्भुतरम्यता’ या एका शब्दात उरकले जाते. पऱ्या, मंतरलेली तळी, तरुणांचा अमर प्रदेश आणि धुक्याने वेढलेल्या टेकड्या एवढ्यावर हे विवेचन थांबते.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अद्भुत हा घटक जगातील बहुतेक लोककथांत आढळतो. त्यामुळे आयरिश कथांचे वेगळेपण त्यातून सिद्ध होत नाही. या कथांचे खरे आकर्षण त्यांच्यातील कठोर हिशेबात आहे. दिलेला शब्द, स्वीकारलेले बंधन, मोडलेली हमी आणि त्यापायी मोजावी लागणारी किंमत यांचा हिशेब या कथा अखेरपर्यंत करतात. तो कोणासाठीही माफ करीत नाहीत. ज्या वाचनात हा हिशेब वगळून केवळ अद्भुत उचलले गेले, त्या वाचनाने कथांवर आणि त्या सांगणाऱ्या माणसांवरही अन्याय केला. या दोन मुद्द्यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्वप्नाळू केल्ट : एका प्रतिमेची घडण

आयरिश कथांना ‘स्वप्नाळू’ ठरविणारी दृष्टी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याने १८५४ मध्ये केल्टिक वंशांच्या काव्यावर निबंध लिहिला. त्याच्या प्रभावाखाली मॅथ्यू अर्नोल्डने ऑक्सफर्ड येथे काव्याचा प्राध्यापक असताना दिलेली व्याख्याने १८६७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भावनाशील, कल्पनाशील, विषण्ण आणि वास्तवाच्या नियमांशी जुळवून न घेणारा असा केल्ट अर्नोल्डने रंगविला. या प्रतिमेत गौरव होता. परंतु त्या गौरवातच एक निवाडाही दडलेला होता. जो स्वप्नाळू आहे त्याने काव्य करावे, राज्यकारभार इतरांनी पाहावा, असा तो निवाडा होय. विशेष म्हणजे केल्टिक साहित्याच्या अध्ययनाचा पुरस्कार करणाऱ्या अर्नोल्डनेच वेल्श ही व्यवहारभाषा म्हणून जितक्या लवकर नाहीशी होईल तितके बरे, असे मत मांडले होते. साहित्याचे कौतुक करावयाचे आणि ज्या भाषेतून ते जन्मले तिच्या अस्ताला संमती द्यावयाची, हा विरोधाभास येथे स्पष्ट दिसतो.

हा विरोधाभास केवळ वैचारिक नव्हता. १८४५ ते १८४९ या काळातील महादुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मृत्यू पावली आणि जवळपास तितक्याच माणसांनी देशांतर केले. आयरिश बोलणारा ग्रामीण गरीब वर्ग यात सर्वाधिक भरडला गेला. १८५१ च्या जनगणनेत आयरिश भाषकांची संख्या सुमारे पंधरा लाख नोंदली गेली. १८९१ पर्यंत ती सात लाखांच्या आत आली. म्हणजे ज्या दशकांत आयरिश कथांविषयीचे आकर्षण इंग्रजी वाचकवर्गात वाढत होते, त्याच दशकांत त्या कथांची भाषा झपाट्याने आक्रसत होती. आकर्षणाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

‘गेश’ : शब्दाचे बंधन

प्राचीन आयरिश कथांच्या अंतरंगात प्रवेश करण्यासाठी ‘गेश’ ही संकल्पना समजून घेणे आवश्यक आहे. गेश म्हणजे एखाद्या व्यक्तीवर असलेला अलिखित निर्बंध. अमुक करू नये किंवा अमुक नाकारू नये, अशा स्वरूपाचा हा निर्बंध मोडला की मानहानी आणि विनाश ओढवतो. वरवर पाहता ही एक प्रकारची अंधश्रद्धा वाटते. कथेत मात्र ती नैतिक पेचाची यंत्रणा म्हणून कार्य करते.

अल्स्टर कथाचक्राचा नायक कूखुलिन याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे मूळ नाव सेतांता. बालपणी अंगावर आलेल्या कुलन नावाच्या लोहाराच्या राखणदार कुत्र्याला तो ठार करतो. लोहाराचे घर आता असुरक्षित झाले, हे लक्षात येताच नवे पिल्लू मोठे होईपर्यंत आपण स्वतः राखण करू, असे तो वचन देतो. यावरून त्याला ‘कुलनचा कुत्रा’ या अर्थाचे कूखुलिन हे नाव मिळते. म्हणजे वीराचे नाव येथे पराक्रमाच्या पदवीपेक्षा भरपाईच्या कबुलीसारखे आहे. या नावामुळे कुत्र्याचे मांस खाणे हा त्याच्यावर गेश ठरतो. दुसरा गेश असा की चुलीवर शिजणारे अन्न कोणी देऊ केल्यास ते नाकारावयाचे नाही. अखेरच्या युद्धाला निघालेल्या कूखुलिनला वाटेत तीन वृद्धा कुत्र्याचे मांस शिजविताना भेटतात आणि त्याला जेवणाचा आग्रह करतात. एक गेश पाळावा तर दुसरा मोडतो. गरिबाचे अन्न नाकारण्यापेक्षा तो ते डाव्या हाताने स्वीकारतो आणि त्याच्या अंगातील त्या बाजूचे बळ ओसरते. शत्रूने त्याला नंतर मारले, हे खरे. परंतु त्याचा पराभव त्या चुलीपाशीच झालेला असतो. दोन परस्परविरोधी कर्तव्यांपैकी एकाची निवड करावी लागणे आणि कोणतीही निवड निर्दोष नसणे, ही शोकात्मिकेची मूळ स्थिती येथे विलक्षण साधेपणाने साकारली आहे.

डिअर्ड्रेच्या कथेतही शब्दाचेच राजकारण आहे. हिच्यापायी अल्स्टरमध्ये रक्तपात होईल, असे भविष्य जन्मापूर्वीच वर्तविले गेलेल्या या मुलीला कॉनहोवर राजा स्वतःसाठी वाढवितो. ती मात्र नीशा या तरुणासोबत अल्बाला, म्हणजे आजच्या स्कॉटलंडला, निघून जाते. राजा त्यांना अभय देऊन परत बोलावितो आणि फर्गस त्या अभयाचा जामीनदार होतो. मेजवानी नाकारावयाची नाही, हा फर्गसचा गेश राजाला ठाऊक असतो. वाटेत मेजवानीची योजना करून तो जामीनदाराला बाजूला काढतो आणि नीशाची हत्या घडवून आणतो. या कथेच्या जुन्या पाठात डिअर्ड्रेचा शेव फुलांनी झाकलेला नाही. वर्षभर राजाच्या घरी राहूनही ती हसत नाही. तुला सर्वांत अप्रिय कोण, या प्रश्नावर ती राजाचे आणि नीशाच्या मारेकऱ्याचे नाव घेते. तेव्हा पुढील वर्षासाठी तिला त्या मारेकऱ्याच्या हवाली करण्याचे राजा ठरवितो. रथात त्या दोघांच्या मध्ये बसलेली डिअर्ड्रे खडकावर डोके आपटून प्राण देते. उत्तरकालीन पाठांत ती नीशाच्या कबरीवर प्राण सोडते. येट्स आणि सिंग या दोघांनीही आपल्या नाटकांत प्रियकरासोबतच्या मृत्यूची ही हळवी परंपरा पुढे नेली. त्या नाटकांचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. तथापि जुन्या पाठातील ते एक वर्ष गाळले की कथेतील स्त्रीचा नकार निष्प्रभ होतो आणि उरते ती केवळ प्रेमाची करुण गाथा.

युद्धाचा ताळेबंद

अल्स्टर कथाचक्रातील सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे ‘तॉइन बो कूलन्या’, अर्थात कूलन्याच्या गुरांची लूट. बाराव्या शतकातील ‘लेन्स्टर ग्रंथा’त आढळणाऱ्या पाठाची सुरुवात शयनगृहातील संवादाने होते. कॉनाक्टची राणी मेव्ह आणि तिचा पती आलिल यांच्यात कोणाची संपत्ती अधिक, असा वाद निघतो. भांडी, दागिने, वस्त्रे, मेंढ्या, घोडे, डुकरे आणि गुरे यांची मोजदाद होते. दोन्ही बाजू समान भरतात. फरक पडतो तो एका पांढऱ्या शिंगांच्या बैलाचा. तो आलिलकडे असतो. त्याच्या तोडीचा बैल अल्स्टरमध्ये आहे, म्हणून मेव्ह सैन्य घेऊन निघते. प्राचीन आयरिश कायद्यात पत्नीचे विवाहातील स्थान तिने आणलेल्या मालमत्तेवर अवलंबून असे. हे लक्षात घेता मेव्हचा हट्ट केवळ लोभाचा राहत नाही. बरोबरीचे स्थान टिकविण्यासाठी तिला तो बैल हवा आहे.

या युद्धाचा सर्वोच्च बिंदू म्हणजे नदीच्या उतारावरील कूखुलिन आणि फर्दिया यांचे द्वंद्व. दोघांनी एकाच गुरूकडे, स्काथाख या वीरांगनेकडे, शस्त्रविद्या घेतलेली आहे. मेव्हच्या आमिषांमुळे आणि निंदेच्या भयाने फर्दिया लढावयास उभा राहतो. दिवसभर एकमेकांना घायाळ करणारे हे गुरुबंधू संध्याकाळी परस्परांना औषधी आणि अन्न पाठवितात. त्यांचे घोडे एका कुंपणात आणि सारथी एका शेकोटीपाशी रात्र काढतात. अखेर फर्दिया पडतो आणि कूखुलिन त्याचा देह उचलून पैलतीरावर नेतो. लाउथ परगण्यातील आर्डी या गावाचे आयरिश नाव आजही ‘फर्दियाचा उतार’ याच अर्थाचे आहे. विजयाच्या क्षणी विलाप करणारा वीर, हे या कथेचे मर्म होय. कथेचा शेवटही या मर्माशी सुसंगत आहे. ज्यांच्यापायी युद्ध झाले ते दोन बैल आपसांत झुंजतात. एक मारला जातो, दुसरा स्वदेशी परतून हृदय फुटून मरतो. मोजदादीने सुरू झालेली कथा दोन्ही बाजू शून्यावर आणून संपते.

अमरभूमी आणि काळाची किंमत

अद्भुतरम्यतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणून ‘तीर ना नोग’, म्हणजे तरुणांची भूमी, या कल्पनेचा उल्लेख केला जातो. फिनचा पुत्र ओशीन नीव्हसोबत त्या भूमीत जातो. तेथे थोडा काळ गेल्यासारखा वाटतो. इकडे आयर्लंडमध्ये तीनशे वर्षे लोटलेली असतात. घरच्या ओढीने परतताना घोड्यावरून पाय उतार होऊ नको, असे नीव्ह बजावते. वाटेत जड धोंडा उचलू न शकणारी माणसे पाहून ओशीन मदतीसाठी वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो आणि जमिनीला स्पर्श होताच तो जराजर्जर वृद्ध होतो. येथे लक्षणीय बाब अशी की त्याचा विनाश मोहामुळे झालेला नाही. परोपकारामुळे झालेला आहे. स्वर्गतुल्य भूमीचे सुख कथेने नाकारलेले नाही, परंतु त्याचे मोल माणसांच्या सहवासात मोजले आहे. लिरच्या चार मुलांची कथाही याच जातीची. सावत्र आईच्या शापाने हंस झालेली ही मुले तीन जलाशयांवर प्रत्येकी तीनशे वर्षे काढतात. त्यांची वाणी, गायन आणि बुद्धी शाबूत राहते. शाप सुटतो तेव्हा मात्र त्यांना परत मिळते ती नऊशे वर्षांची जीर्ण काया.

इसवी सन १२०० च्या सुमारास रचलेल्या ‘वृद्धांचा संवाद’ या कृतीत जुन्या वीरांपैकी वाचलेले काहीजण संत पॅट्रिकला भेटतात. त्यांच्या कथा ऐकताना प्रार्थनेत खंड पडतो, म्हणून संताला संकोच वाटतो. परंतु देवदूत त्याला कथा लिहून ठेवण्यास सांगतात. नव्या धर्माने जुन्या कथेला दिलेला हा परवाना आहे. मात्र हा प्रश्न इतक्या सहज मिटलेला नव्हता. लेन्स्टर ग्रंथात ‘तॉइन’च्या अखेरीस लेखनिकाने दोन टिपणे जोडली आहेत. आयरिश भाषेतील टिपणात कथा जशीच्या तशी मुखोद्गत करणाऱ्यांना आशीर्वाद आहे. त्यालगतच्या लॅटिन टिपणात यातील काही भाग सैतानी भ्रम, काही कविकल्पना, तर काही मूर्खांच्या करमणुकीचा आहे, असे म्हणून लेखनिक हात झटकतो. कथेवर विश्वास नसताना ती अचूक उतरवून ठेवणारा हा अनाम लेखनिक आधुनिक अभ्यासकाचा पूर्वसूरी म्हणावा लागेल.

चुलीपासून वहीपर्यंत

मौखिक परंपरेच्या संकलनाचा इतिहासही याच हिशेबाच्या कसोटीवर तपासावा लागतो. थॉमस क्रॉफ्टन क्रोकरचा परीकथासंग्रह १८२५ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी ग्रिम बंधूंनी तो जर्मन भाषेत आणला. येट्सचा संग्रह १८८८ चा. डग्लस हाइड याने १८९० मध्ये ‘बिसाइड द फायर’ या संग्रहात पूर्वसूरींच्या सैल पद्धतीवर बोट ठेवले. कथा कोणाकडून ऐकली हे न सांगणे आणि ती वाङ्मयीन रुचीनुसार बदलणे, हे त्याचे मुख्य आक्षेप होते. त्याने कथांची मूळ आयरिश संहिताही छापली. लेडी ग्रेगरीने १९०२ च्या आपल्या कूखुलिनविषयक ग्रंथात, वाचकांना रुचणार नाही असे वाटलेले बरेच काही गाळल्याचे अर्पणपत्रिकेत स्वतःच नमूद केले आहे. तिचा प्रांजळपणा दाद देण्याजोगा आहे. पण गाळण्याचा हा अधिकार कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनी कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील कथा सांगणारी होती तिच्याकडे कामाला असलेली ॲना लिबराटा डिसूझा. मुखपृष्ठावर संकलिकेचे नाव असले, तरी ॲनाचे आत्मकथन ग्रंथात समाविष्ट आहे, हे त्या काळाच्या मानाने विशेषच. जोसेफ जेकब्जने १८९२ मध्ये केल्टिक आणि भारतीय परीकथांचे दोन स्वतंत्र संग्रह काढले. भारतीय संग्रहात त्याने फ्रिअरच्या पुस्तकातून कथा घेतली. आयर्लंडचा आणि दख्खनचा कथनकार एकाच बालवाचनाच्या कपाटात जाऊन बसला, तो असा.

आयरिश लोकसाहित्य आयोगाची स्थापना १९३५ मध्ये झाली आणि शेमस ओ दिलर्गा त्याचे संचालक झाले. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पन्नास हजार शाळकरी मुलांनी आपल्या घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून कथा व आठवणी उतरवून घेतल्या. २०१७ मध्ये आयोगाचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाला. या भव्य कार्यातही एक उणीव होती. निधीच्या चणचणीमुळे ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळकांड्या मजकूर उतरवून झाल्यावर खरवडून पुन्हा वापराव्या लागत. शब्द वाचले, पुष्कळ आवाज मात्र कायमचे गेले.

ओ दिलर्गा यांनी केरी परगण्यातील शॉन ओ कोनिल या निरक्षर शेतकऱ्याकडून मोठा कथासंग्रह मिळविला होता. भोवतालचे श्रोते उरले नाहीत, तेव्हा कथा विसरू नयेत म्हणून ओ कोनिल गुरे राखताना दगडी कुंपणाच्या भिंतीला हावभावांसह त्या सांगत असे, हे त्याच्या मुलाने पाहिलेले दृश्य ओ दिलर्गा यांनी नोंदविले आहे. आयरिश लोककथांच्या आकर्षणाविषयीचे कोणतेही विवेचन या भिंतीला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. कथा आकर्षक होती, कथनकार समर्थ होता, तरी ऐकणारी भाषाच उठून गेली होती.

आकर्षणाची दुसरी बाजू

कथा मोहक असते तशी घातकही ठरू शकते. टिपेररी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथे मार्च १८९५ मध्ये ब्रिजिट क्लिअरी या २६ वर्षांच्या विवाहितेचा तिच्या पतीने जाळल्यामुळे मृत्यू झाला. आजारी पडलेली ही स्त्री आपली पत्नी नसून ‘शी’ लोकांनी, म्हणजे टेकड्यांतील पऱ्यांनी, ठेवलेली बदली आहे, असे त्याचे म्हणणे होते. खरी पत्नी पांढऱ्या घोड्यावरून येईल, म्हणून तो जवळच्या प्राचीन गढीपाशी वाट पाहत राहिला. न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा दिली. अँजेला बर्क यांनी १९९९ मध्ये या घटनेवर लिहिलेल्या अभ्यासग्रंथात परीकथांकडे समाजाची सांकेतिक भाषा म्हणून पाहिले आहे. व्यंग, वंध्यत्व, दीर्घ आजार, वैवाहिक ताण यांविषयी जे उघड बोलता येत नाही, ते बदलीच्या कथेतून बोलले जाते. ब्रिजिट स्वतः कपडे शिवून कमावणारी, नेटकी राहणारी आणि अपत्यहीन होती. संकेताचा शब्दशः अर्थ घेतला गेला तेव्हा किंमत तिने मोजली. येट्सचा परीकथासंग्रह निघाल्यानंतर सात वर्षांनी ही घटना घडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

राजकारणातही निवडक वाचनाने असेच केले. ऑलिव्हर शेपर्डने घडविलेले, खांबाला स्वतःला बांधून उभ्यानेच मरण पत्करणाऱ्या कूखुलिनचे शिल्प डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून १९३५ मध्ये बसविण्यात आले. पुढे बेलफास्टमधील ब्रिटननिष्ठ गटांनी हाच कूखुलिन अल्स्टरचा रक्षक म्हणून भिंतींवर रंगविला. परस्परविरोधी पक्षांना एकच नायक आपलासा वाटला. कारण दोघांनीही अखेरचा खांब पाहिला, त्याआधीची चूल आणि नदीचा उतार पाहिला नाही. गुरुबंधूचा देह वाहून नेणारा कूखुलिन कोणत्याच पक्षाला फारसा सोयीचा नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की आयरिश पुराणकथा आणि लोककथा यांचे आकर्षण अद्भुत आणि हिशेब यांच्या एकत्र नांदण्यात आहे. अमर भूमी आहे, पण परतीची वाट महाग आहे. वीर अजिंक्य आहे, पण दोन कर्तव्यांपुढे तो हतबल आहे. हंसांचे गाणे मधुर आहे, पण त्यामागे नऊशे वर्षांची थंडी आहे. अद्भुत वेगळे काढले की स्वप्नाळू केल्टाची सोयीस्कर प्रतिमा हाती येते. पराक्रम वेगळा काढला की भिंतीवरचे चित्र हाती येते. श्रद्धा वेगळी काढली तर बॅलिव्हॅडलीची आग दूर राहत नाही.

म्हणून अध्यापनात येट्स किंवा सिंग यांच्या कृतींसोबत जुने पाठ, निदान अनुवादातून, ठेवणे अगत्याचे आहे. थॉमस किन्सेला यांनी १९६९ मध्ये केलेला ‘तॉइन’चा इंग्रजी अनुवाद त्यासाठी उपयुक्त आहे. काय गाळले गेले आणि का गाळले गेले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडला, तर अद्भुतरम्यतेच्या पलीकडचा मजकूर आपोआप खुला होतो. त्याचबरोबर कथा कोणी सांगितली आणि ऐकणारे कोठे गेले, हेही विचारले गेले पाहिजे. भिंतीला कथा सांगणाऱ्या ओ कोनिलने ती शब्दशः सांभाळली होती. वाचकाकडूनही ती तशीच, तिच्या सगळ्या देण्याघेण्यासह, स्वीकारली जाणे हे त्याचे न्याय्य देणे आहे.